सीटखालची वायर

हे सांगायचं मी काही वर्षं टाळलं. आष्ट्यात, साताऱ्यात आणि कुपवाडच्या कारखान्यात जी माणसं एक गोष्ट माझ्या तोंडून ऐकून पोट धरून हसली, त्यांतली बरीचशी आता नाहीत. जी आहेत त्यांना ती गोष्ट माझ्यापेक्षा चांगली पाठ आहे. गोष्ट अशी, की माझ्या मेव्हण्यानं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावानं, माझ्या मोटारीत विहिरीवरच्या पंपाची वायर घातली आणि भाचीच्या सुपारीच्या दिवशी, नव्या व्याह्यांच्या दारात, गाडी पेटवली.

ही गोष्ट खोटी आहे. खोटी आहे हे मला कळल्यानंतरही मी ती एका लग्नात सांगितली, कारण पंगतीतल्या माणसांनी आग्रह केला आणि मला नाही म्हणवलं नाही. इतका हलका माणूस मी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

सैन्यात मी वाहनांच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होतो. तिथं प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबराची नळी असायची. वायरींची जुडी मेण लावलेल्या दोऱ्यानं बांधायची, ठरावीक अंतरावर ठरावीक गाठ. गाठ चुकली की हवालदार जुडी कापून टाकायचा आणि पुन्हा बांधायला लावायचा. ती गाठ माझ्या बोटांत अशी बसली की निवृत्त झाल्यावर मी चपलेचा अंगठा, भाजीच्या पिशवीचा बंद, चष्म्याची दोरी, सगळं त्याच दोऱ्यानं आणि त्याच गाठीनं बांधायचो. दोऱ्याचं रीळ मी सोबत आणलं होतं. आमच्या भागात तसा दोरा वापरणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

सैन्यातून बाहेर आल्यावर मी कुपवाडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागलो आणि सांगलीत घर बांधलं. तिथं मला सिव्हिलमधलं, म्हणजे सैन्याबाहेरचं, वायरिंग पहिल्यांदा जवळून दिसलं. दातानं सोललेली वायर, पिळून दिलेला जोड, त्यावर टेप आणि टेप संपली असेल तर औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी. फ्यूज जळला तर विडीच्या पाकिटातला चकचकीत कागद. मला या माणसांची कीव येत नव्हती. किळस यायची. मी ते बोलूनही दाखवायचो, आणि लोक ऐकून घ्यायचे, कारण मी मिलिटरीवाला होतो. आमच्याकडं मिलिटरीवाल्यानं शिव्या दिल्या तर लोकांना त्या शिस्त वाटतात.

मोटार मी साताऱ्याच्या एका डॉक्टरांकडून घेतली. त्यांनी ती दुसऱ्या कुणाकडून घेतलेली. पांढरी, जुनी, पेट्रोलची. डॅशबोर्डखाली डोकं घातलं तर कोंबडीनं उकरलेल्या उकिरड्यासारखं दृश्य. एक बटण कशाचंच नव्हतं. एक जोड लोंबत होता आणि त्याच्या मापाचं दुसरं टोक गाडीत कुठंच नव्हतं. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, ‘आमच्या ड्रायव्हरनं काहीतरी केलं होतं.’ शिकलेली माणसं. दुसऱ्याच्या पोटातल्या नळ्या नावानिशी सांगतील आणि स्वतःच्या गाडीतली वायर ‘काहीतरी’ असते.

मला त्या वेळी कारखान्यात जादा पाळ्या होत्या. मेव्हणा आष्ट्याचा. शेतीपंपांच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरणं, स्टार्टर दुरुस्त करणं, विहिरीवर जाऊन केबल ओढणं, हा त्याचा धंदा. पण त्याला गाड्यांच्या कामाची हौस होती. इस्लामपूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यानं एक गाळा घेतला होता, बोर्डही रंगवायला टाकला होता. म्हणाला, ‘दाजी, पुढं धुक्याचं दिवं, गाण्याचा टेप आन् नवा हॉर्न मी बसवून देतो. तुमची गाडी गाळ्यापुढं उभी ऱ्हायली तरी चार ट्रॅक्टरवालं बघून येतील.’

त्यानं काम केलं. मी जाऊन बघितलं तर गाडीतून लाल, पिवळी, निळी अशा जाडजूड वायरी गेलेल्या. थ्री-फेज पंपाच्या केबलचा उरलेला तुकडा सोलून त्यानं त्यातल्याच वापरल्या होत्या.

‘गड्या,’ मी म्हणालो, ‘माझी गाडी थ्री-फेज केलीस काय? आता विहिरीत सोडू का हिला?’

‘आवं दाजी, वायर ती वायर. करंट काय रंग बघून जातोय व्हय?’

‘आन् उद्या कुणी उघडून बघितलं तर त्यानं काय समजायचं?’

‘समजंल की. लाल दिव्याची, पिवळी टेपची, निळी हॉर्नची. मी सांगतो की त्याला. आन् हे बघा, तिन्हीला फ्यूज घातलाय. तुमी बोलाल म्हनून आधीच घातलाय.’

मी फ्यूजकडं बघितलं नाही. रंगांकडं बघून तोंड वाकडं केलं आणि गाडी घेऊन आलो. ते काम कुरूप होतं. मी आजही तेच म्हणेन. माणूस गेला म्हणून त्याचं काम सुंदर होत नाही.

आता माझं काम. त्या सुमाराला आमच्या कॉलनीत एक गाडी चोरीला गेली आणि मी माझ्या गाडीला चोर-स्विच बसवला. म्हणजे लपवलेलं बटण. ते बंद असलं की किल्ली फिरवूनही गाडी चालू होत नाही. ड्रायव्हरच्या सीटखाली कुणीही शोधेल, म्हणून मी ते शेजारच्या सीटखाली बसवलं. स्टिअरिंगजवळची वायर कापली, दोन्ही टोकं लांबवून डॅशबोर्डखालच्या जुडीतून नेली आणि पुढं सतरंजीखालून त्या सीटपर्यंत. फ्यूज घातला नाही. दुसऱ्यांनी घालायचा असतो फ्यूज. मी जोडलेल्या वायरीला काय होतंय! बायकोलाही बटणाचं सांगितलं नाही. बायकांच्या तोंडून गोष्टी बाहेर जातात, असं माझं मत होतं.

काही दिवसांनी कराडच्या स्टँडसमोर चहा घेऊन आलो तर गाडी चालू होईना. मी बॉनेट उघडलं, प्लग काढले, पेट्रोल हुंगलं. रिक्षावाले जमले, ढकलून बघितलं. एक जण म्हणाला, ‘काका, मेकॅनिकला बोलवू का?’ त्याला मी झाडलं, की तीस टनांचे ट्रक मी उघडून जोडलेत. आणि मग आठवलं, की चहाला उतरताना बटण मीच बंद केलं होतं. सगळ्यांसमोर सीटखाली हात घालून ते चालू करायची वेळ आली. रिक्षावाले जे हसले, ते मला सांगलीपर्यंत ऐकू येत होतं.

घरी आल्यावर मी बटण उपटून फेकून दिलं. दोन्ही टोकं सीटखालीच एकमेकांना जोडली, नेहमीच्या दोऱ्यानं बांधली आणि सतरंजीखाली सारली. खरं म्हणजे ती अख्खी वायर काढून मूळ जागी जोड द्यायला हवा होता. सैन्यात एखाद्या पोरानं असं केलं असतं तर मी त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या. पण मला तो विषय संपवायचा होता, आणि सतरंजी टाकल्यावर तो संपला. इतका, की माझ्याही डोक्यातून गेला.

मुलीचं लग्न ठरलं ते साताऱ्याजवळच्या गावात. मुलाचे आजोबा अंथरुणाला खिळलेले, म्हणून सुपारी त्यांच्या दारात फोडायची ठरली. आम्ही सांगलीहून निघालो, आष्ट्यात मेव्हण्याला घेतलं. मामा म्हणून त्याला मान होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, खिशात भाचीसाठी काहीतरी आणलेलं आणि ते सारखं चाचपून बघणं. वाटेत तो टेप लावायचा, थोडा वेळ ऐकायचा आणि मागं वळून बहिणीला विचारायचा, ‘आक्का, आवाज कसा हाय?’

सुपारी फुटली, जेवणं झाली. निघताना व्याही म्हणाले, ‘आमच्या देवाला जाऊन या, मी दाखवतो वाट.’ व्याही म्हणजे अंगानं दोन माणसं. माझ्या शेजारच्या सीटवर ते मावेनात. गुडघे डॅशबोर्डला टेकले. तेव्हा मी बाहेरून वाकलो, सीटचा खटका ओढला आणि जोर लावून ती मागं ढकलली. सीट अडली. मी आणखी जोर लावला, आणि ती कचकन बसली.

किल्ली फिरवली. गाडी एकदा खोकली, आणि डॅशबोर्डखालून धूर यायला लागला. आधी पातळ, मग काळा, रबर जळल्याच्या वासाचा. व्याही फेटा धरून बाहेर पडले ते दार तसंच उघडं टाकून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. बायका ओरडल्या. मी बॉनेट उघडून बॅटरीची वायर ओढून काढली आणि धूर थांबला. नुकसान फार नव्हतं. पण सगळं गाव बघत होतं, आणि नव्या व्याह्यांचा एक भाऊबंद म्हणाला, ‘पाव्हनं तर म्हनं मिलिटरीत गाड्याच करत हुतं?’ त्याच्यावर मोठ्यानं हशा झाला.

मी डॅशबोर्डखाली हात घातला. हाताला लागल्या त्या वितळून एकमेकांना चिकटलेल्या लाल, पिवळ्या, निळ्या वायरी. त्या ओढून काढल्या आणि सगळ्यांसमोर वर धरल्या.

‘हे बघा! ही आमच्या मेव्हण्याची कारागिरी! पंपाची केबल घातलीय मोटारीत! विहिरीचा वायरमन, त्याला गाडीला हात लावू दिला ही माझी चूक!’

मेव्हणा जवळ आला. चेहरा उतरलेला, पण आवाज शांत. ‘दाजी, माझ्या वायरीला फ्यूज हाय. माझ्यातनं जाळ झाला आसता तर फ्यूज उडाला आसता. बघा तरी.’

‘तू मला फ्यूज शिकवतोस?’

‘शिकवत न्हाई वो. बघा म्हनतोय.’

‘व्हय बाजूला. अजून काही पेटवायचं राहिलंय?’

लोक हसले. आता ते त्याला हसत होते. माझ्या पाठीवरचं ओझं उतरून त्याच्या पाठीवर गेलं, हे मला तिथंच, त्या क्षणी जाणवलं आणि बरं वाटलं. तो बाजूला झाला, भाचीजवळ गेला आणि खिशातली वस्तू तिच्या हातात देऊन तिथंच ओट्यावर बसून राहिला. परत येताना आम्ही दुसऱ्या गाडीनं आलो. आष्ट्यात उतरताना त्यानं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेला.

सांगलीच्या एका वायरमननं गाडी दुरुस्त केली. जळलेलं तेवढं कापलं, स्टिअरिंगपासून नवी वायर सरळ टाकली, बाकीचं होतं तसं सोडून दिलं. त्याला काय उपटायचंय? गाडी चालू झाली की यांचं काम संपतं. हे मी तेव्हा म्हणालो होतो. त्यानं आणखी थोडं उपटलं असतं तर मी तेव्हाच उघडा पडलो असतो.

मग मी ती गोष्ट सांगायला लागलो. लग्नात, बारशाला, कारखान्याच्या कँटीनमध्ये. व्याह्यांचं पळणं मी उठून करून दाखवायचो. दर वेळी थोडी भर पडायची. पुढं पुढं धुराच्या जागी ज्वाळा आल्या. भाऊबीजेला मेव्हणा घरी आला की मी बायकोला म्हणायचो, ‘निरांजन जपून लाव गं, वायरमन आलाय.’ तो हसायचा. ताटात ओवाळणी टाकायचा, जेवायचा, जायचा. पुढं तो भाऊबीजेला सकाळी लवकर, मी फिरायला गेलेलो असताना यायला लागला, आणि मग यायचाच बंद झाला. बायको आष्ट्याला जाऊन ओवाळून यायला लागली. मी विचारलं नाही.

गाळा त्यानं पावसाळ्याआधीच सोडला. ट्रॅक्टरवाल्यांनी गोष्ट ऐकली होती. ज्यानं सख्ख्या दाजीची गाडी जाळली त्याच्याकडं ट्रॅक्टर कोण सोडणार? रंगवलेला बोर्ड त्यानं घरी आणून गोठ्यात म्हशींच्या पुढं आडोशाला लावला. अक्षरं आतल्या बाजूला. मी तेही गोष्टीत घातलं. म्हशीला वाचता येत नाही ते बरं, असं म्हणायचो.

काही वर्षांपूर्वी मिरजेचा एक माणूस गाडी मागायला आला. हल्ली लग्नाआधी नवरा-नवरी जुन्या गाडीला टेकून फोटो काढतात. गाडी चालते की नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं, दिवे लागले पाहिजेत. तो म्हणाला, ‘काका, वायरिंग तेवढं क्लिअर करून द्या. आमच्या पोरानं व्हिडिओ बघून बघितलं, पण कुठली वायर कशाची तेच कळत नाही.’ व्हिडिओ बघून वायरिंग करणारी पोरं! मी म्हणालो, मी देतो करून. सत्तरी उलटलेली, गुडघे दुखत होते, पण त्या पोराला दाखवायचं होतं.

अनोळखी वायर ओळखायची माझी रीत साधी. आधी बॅटरी सोडायची. मग वायर एका टोकाला धरून हळू ओढायची आणि गाडीत दुसरीकडं काय हलतं ते बघायचं. त्याला दोन माणसं लागतात. एक ओढणारा, एक बघणारा. मुलगी तिच्या घरी, शेजारी कुणी कामाचा नाही, म्हणून मी बायकोला बसवलं. ती आधी हसली. मग पदर खोचून मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसली आणि पुढं वाकून बघायला लागली.

‘हललं?’

‘न्हाई.’

‘आता?’

‘आता ह्यो काळा जोड हलला बघा, दाराजवळचा.’

दोन दिवस आम्ही तसंच केलं. डॉक्टरांच्या ड्रायव्हरचं ‘काहीतरी’ निघालं. मागच्या काचेवरच्या पंख्याची वायर होती ती, पंखाच नव्हता. ते कशाचंच नसलेलं बटण त्याच पंख्याचं. कुणीतरी लाल लुकलुकणारा दिवा बसवला होता, चोराला वाटावं की गाडीत भोंगा आहे, भोंगा नव्हता. लोंबणारा जोड एका अँटेनाचा. माणसं गाडीत काय काय घालून ठेवतात आणि विसरून जातात! मी प्रत्येकाला शिवी घालत होतो. बायकोला मजा येत होती. ती म्हणाली, ‘एवढं घान करून ठिवलं आन् नाव माझ्या भावाचं झालं.’ मी म्हणालो, ‘तुझ्या भावाचं अजून यायचंय.’

ते आलं. लाल, पिवळी, निळी. डॅशबोर्डखालचा भाग जळून गेलेला, पुढं दिव्यांकडं जाणारा उरलेला. बॅटरीजवळ त्याचे तिन्ही फ्यूज होते. मी झाकणं उघडली. तिन्ही शाबूत. आतली तार चकचकीत.

फ्यूज कधीकधी नाही उडत, असं मनाशी म्हणालो. ही पळवाट आहे हे मला तेव्हाही कळत होतं. वायर वितळेपर्यंत फ्यूज शाबूत राहतो, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला उभं केलं नसतं. त्या वायरी वितळल्या होत्या त्या बाहेरून, शेजारून आलेल्या आचेनं. शेजारी काय होतं?

त्याच जळक्या जुडीत आणखी एका वायरीचं टोक होतं. कोळसा झालेलं, कापलेलं. त्याचा रंग मला ओळखता येईना. मी ते चिमटीत धरलं आणि ओढलं.

‘हललं,’ बायको म्हणाली.

‘कुठं?’

‘हितं. ह्या पुढच्या सीटखाली. सतरंजी हलली.’

ती वाकली, सतरंजी उचलली, हात घातला. सीटच्या रुळात काहीतरी अडकलं होतं. तिनं ते सोडवायचा प्रयत्न केला, निघेना. मी पलीकडून येऊन खटका ओढला, सीट पुढं घेतली. रुळाखाली चिरडलेली, तांबं उघडं पडून पत्र्याला चिकटलेली वायर होती. शॉर्ट झाला होता तो इथं. आणि तिच्यावर, चिरडल्या जागेच्या जरा अलीकडं, दोरा गुंडाळलेला. मेणाचा. ठरावीक गाठ.

बायको ते हातात धरून बघत राहिली. तिच्या पायातल्या चपलेचा अंगठा मी त्याच दोऱ्यानं बांधलेला होता. तिनं चपलेकडं बघितलं की नाही, मला माहीत नाही. तिला बघायची गरज नव्हती.

‘ह्यो तुमचा दोरा हाय,’ ती म्हणाली.

‘हं.’

‘ही कशाची वायर?’

मी सांगितलं. चोर-स्विच, कराड, सगळं. सीट कुणी ढकलली तेही सांगितलं. शेवटी ती म्हणाली, ‘त्यो फ्यूज बघा म्हनत हुता.’

‘हं.’

‘आवं, त्यानं गाळा सोडला.’

मी पकड घेऊन ती गाठ कापून काढायला लागलो, कशासाठी ते मलाही माहीत नाही. तिनं माझ्या हातातून पकड काढून घेतली. ‘असू दे. तसंच घिऊन जायचं आष्ट्याला. त्याला दावायचं आन् तुमच्या तोंडानं सांगायचं.’

मिरजेच्या माणसाला मी नाही म्हणून सांगितलं. वायरचा तो तुकडा शर्टाच्या खिशात घातला आणि एका दुपारी आम्ही दोघं एसटीनं आष्ट्याला गेलो. मेव्हणा ओसरीवर स्टार्टर उघडून बसला होता. थकला होता, एक डोळा नीट दिसत नव्हता. मला बघून उठायला लागला.

‘बसा दाजी, बसा. आज वाट चुकला? आक्का, च्या टाकायला सांग आत.’

आक्का आत गेली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली आणि माझ्याकडं बघत राहिली.

इकडचं तिकडचं झालं. ऊस, पाणी, त्याचा डोळा. मग त्यानंच विचारलं, ‘गाडी देनार हुता म्हनं मिरजंच्या पाव्हन्याला?’

‘नाही दिली.’

‘बरं केलं. वायरिंग सगळं काढलं म्हनं तुमी? आक्का फोनवर बोलली.’

‘काढलं.’

‘मंग? काय निघालं?’

एवढं सरळ दार मला कुणी उघडून दिलं नसेल. हात खिशावर होता. बायको बघत होती. मला फक्त खिशात बोटं घालायची होती.

‘निघणार काय?’ मी म्हणालो. ‘घाणच.’

तो हसला. ‘माझी बी आसंल की त्यात.’

‘तुझी लाल-पिवळी-निळी तर होतीच.’

सवयीनं बोललो मी. तोंडानं आपोआप केलं, जसं तोंड इतकी वर्षं करत आलं होतं. तो पुन्हा हसला, पण या वेळी खाली स्टार्टरकडं बघून, आणि स्क्रू फिरवायला लागला. बायको आत गेली. चहा आला. मी तो पिऊन स्टार्टरच्या एका जोडाला नाव ठेवलं. परतीच्या एसटीत बायको माझ्या शेजारी बसली नाही. शेजारची जागा मोकळी होती आणि ती पुढं कंडक्टरजवळ उभी राहिली. सांगलीपर्यंत.

त्यानंतर ती मला म्हणायची, ‘फोन करा.’ मी म्हणायचो, फोनवर नको, समक्ष जाऊ. मग म्हणायची, ‘चला समक्ष.’ तेव्हा माझे गुडघे दुखायचे. एका लग्नात मी ती गोष्ट पुन्हा सांगितली, ते यानंतरचं. बायको पंगतीत वाढत होती. तिनं ऐकलं, पातेलं खाली ठेवलं आणि त्या दिवसापासून आष्ट्याचं नाव माझ्यासमोर काढलं नाही.

गेल्या थंडीत मेव्हणा गेला. सकाळी विहिरीवर जाऊन आला, घाम आला म्हणाला, आणि गेला. आम्ही पोचलो तेव्हा दारात माणसं बसली होती. माती झाली. दुपारी ओसरीवर त्याचे भाऊबंद, शेजारी, जुने ट्रॅक्टरवाले बसले. मयताच्या घरी माणसं गेलेल्याचं बरंच बोलतात. एक जण म्हणाला, ‘लय मायेचा मानूस.’ दुसरा म्हणाला, ‘लय हौशी. गाड्यांचं काम करायचं म्हनून गाळा काढला हुता की. न्हाई जमलं.’ तिसऱ्यानं माझ्याकडं बघून ओठ दाबले. ‘कसं जमंल? सांगा की दाजी, सुपारीचं.’

चारपाच माणसं माझ्याकडं वळली. कुणी वाईट हेतूनं म्हणालं नव्हतं. मेलेल्या माणसाला एक हसू द्यायचं, तेवढंच. त्याची बायको आतल्या दारात डोक्यावर पदर घेऊन बसली होती, आणि माझी बायको तिच्या शेजारी. दोघींना ऐकू जात होतं.

मी तिथं सांगू शकलो असतो. एका वाक्याचं काम होतं. इतक्या वर्षांत जिथं जिथं ती गोष्ट मी पसरवली, तिथून ती परत आणायला ही ओसरी पुरेशी होती. हीच माणसं संध्याकाळपर्यंत आष्टाभर सांगत फिरली असती. त्याचं नाव धुऊन निघालं असतं.

मी म्हणालो, ‘ही वेळ आहे का?’

त्यांना वाटलं मला दुःख झालंय. ते ओशाळले. एकानं मला पाणी दिलं. माझ्या भित्रेपणाला त्या ओसरीवर मान मिळाला, आणि मी तो घेतला, पाण्यासकट.

म्हणून हे लिहिलं. आष्ट्यात, कुपवाडात, साताऱ्याकडं ज्यांनी ज्यांनी ती गोष्ट ऐकली आहे, त्यांनी ती आता अशी सांगावी: वायर दाजीची होती, फ्यूज नसलेली. सीट दाजीनं ढकलली. मेव्हण्याचे तिन्ही फ्यूज शाबूत निघाले. पंपाची केबल मोटारीत घातली होती ते खरं, आणि ती मोटारीत चालत होती.

बायकोला मी हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘हे लोकास्नी झालं. त्याला काय?’

त्याला जे सांगायचं होतं ते मी आष्ट्याला जाताना एसटीत जुळवलं होतं, खिशात तुकडा होता तेव्हा. ओसरीवर तो ‘काय निघालं’ म्हणाला तेव्हा ते माझ्या जिभेवर होतं. ते असं होतं:

गड्या, हे बघ काय निघालं. ही माझी वायर. ह्यो माझा दोरा. तुझ्या वायरीनं काही केलं नव्हतं, तू फ्यूज बघा म्हणालास आणि मी बघितला नाही. तुझा गाळा माझ्या तोंडानं गेला. चुकलं माझं रं. मला माफ कर.